भाचेबुवा, आधी खुर्ची कुठे बसणार ते सांगा

शारजा,
ऑगस्टचा दुसरा आठवडा

चि. भाचेबुवांस,


तुझा निरोप वाचला. सप्लायर म्हणतो ६०६१ घ्या, वर्कशॉपमधला कारागीर म्हणतो ६०६३ पुरे आहे, आणि गिऱ्हाइकानं कुठेतरी ७०७५ वाचलंय म्हणून त्याला तेच हवंय. तुझा प्रश्न एका ओळीचा: "मामा, फर्निचरला सगळ्यात चांगलं अ‍ॅल्युमिनियम कुठलं?" फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू "हो हो" म्हणतोस आणि दुसऱ्या मिनिटाला विसरतोस. म्हणून कागदावर उतरवतोय. वर्कशॉपच्या ड्रॉवरमध्ये ठेव, तेलाचे डाग पडले तरी चालतील.

सगळ्यात चांगलं अ‍ॅल्युमिनियम असं काही नसतं, हे तुलाही ठाऊक आहे. पण सप्लायरसमोर उभं राहिलं की ते विसरायला होतं. तो आकडे फेकतो, आणि मोठा आकडा म्हणजे भारी माल असं वाटू लागतं. तू त्याला उलटं विचारायला शीक. हा तुकडा वाकवायचा आहे का? याला वेल्डिंग लागणार का? याच्यावर माणूस बसणार की फुलदाणी? समुद्र किती लांब आहे? एवढ्याची उत्तरं मिळाली की ग्रेड आपोआप ठरतो, आणि बहुतेक वेळा तो ६०६३ निघतो.

तुझी ऑर्डर माझ्या डोळ्यासमोर आहे. रास अल खैमाचा समुद्राकाठचा व्हिला, गच्चीवर बाहेरची मजलिस, एक जेवणाचं मोठं टेबल आणि तलावाशेजारी जाळीच्या कापडाच्या आरामखुर्च्या. काम छान आहे. मजलिस म्हणजे इथल्या माणसाची नुसती बैठक नव्हे, घराची अब्रू आहे. २०१५ साली युनेस्कोनं तिला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. तिची बैठक ठेंगणी आणि लांबलचक असते. तुझी खरी परीक्षा त्या लांबीत आहे. तिथे पोचण्याआधी थोडं आकड्यांचं बोलू.

चार आकड्यांतला पहिला आकडा मिश्रणाचं घराणं सांगतो. १ ने सुरू होणारं जवळजवळ शुद्ध अ‍ॅल्युमिनियम, मऊ, कोपर लागला तरी पोचा पडेल असं. ३ मध्ये मँगेनीज, ५ मध्ये मॅग्नेशियम. ही दोन्ही मुख्यतः पत्र्याची घराणी. ६ मध्ये मॅग्नेशियम आणि सिलिकॉन दोन्ही. यातून पाइप, चॅनेल आणि सेक्शन निघतात. २ मध्ये तांबं, ७ मध्ये जस्त, ही विमानांची. तुझ्या गिऱ्हाइकाचं ७०७५ या शेवटच्या घराण्यातलं. ताकदीत ते पोलादाला टक्कर देतं, यात खोटं काही नाही. पण साध्या आर्गॉन वेल्डिंगनं ते नीट जुळत नाही, जोडाशी तडे जातात, आणि खाऱ्या हवेत ते ५ किंवा ६ च्या घराण्याइतकं टिकत नाही. असं अ‍ॅल्युमिनियम समुद्राकाठच्या गच्चीवर ठेवणं म्हणजे पैसे देऊन गंज विकत घेणं. गिऱ्हाइकाला चहा पाज, विमानांचं कौतुक कर आणि विषय बदल.

६०६३ आणि ६०६१ यांतला फरक मात्र समजून घे, कारण तिथे सप्लायर तुला खरोखर गोंधळात टाकू शकतो. ६०६१ मध्ये मॅग्नेशियम जास्त आणि थोडं तांबंही, ०.१५ ते ०.४ टक्के. म्हणून ते जास्त ताकदवान. टी६ टेंपरमध्ये ते २४० मेगापास्कलच्या वर ताण सोसतं, तर ६०६३-टी६ साधारण १७० आणि टी५ ११० ते १३०. टेंपर म्हणजे धातूला गरम, गार आणि परत गरम करून किती कडक केलंय त्याची खूण. टी५ म्हणजे दाबून काढल्यावर नुसती हवा मारून गार केलेलं आणि मग भट्टीत मुरवलेलं. टी६ जास्त काटेकोरपणे गार करून मुरवलेलं. ग्रेडच्या मागे टेंपर लिहिलेला नसेल तर ते बिल अर्धंच आहे असं समज. ६०६३ नुसतं सांगून कुणी तुला मऊ माल दिला, तर तो खोटं बोलला असंही म्हणता येणार नाही.

मग ६०६१ च का नाही घ्यायचं? कारण सेक्शन तयार होतो तो चकलीच्या सोऱ्यासारखा. तापवलेला बिलेट मागून ढकलायचा आणि पुढे साच्याच्या आकाराचा सेक्शन बाहेर. ६०६३ यातून सहज वाहतं. पातळ भिंती, बारीक खाचा, धारदार कोपरे, जाळीचं कापड अडकवायची खोबण, सगळं नेटकं उतरतं आणि पृष्ठभाग गुळगुळीत येतो. ६०६१ हट्टी आहे. त्याच्या भिंती जाड ठेवाव्या लागतात आणि पृष्ठभाग तेवढा सफाईदार येत नाही. तुझ्या आरामखुर्च्यांच्या दांड्यांना कापडाची खोबण लागणार आहे, तेव्हा तिथला निकाल इथेच लागला.

दुसरं कारण बाजाराचं. या देशात खिडक्या-दरवाजांचे आणि काचेच्या भिंतींचे एवढे सेक्शन खपतात, की ६०६३ चे साचे कारखान्यांत तयार पडलेले असतात. दुबईत गल्फ एक्स्ट्रूजन्स १९७६ पासून आहे. तू रोज ज्या रस्त्यानं जेबेल अलीवरून जातोस, तिथला दुबईचा वितळणकारखाना १९७९ मध्ये सुरू झाला. अबू धाबीतल्या अल तवीलाचा २००९ च्या डिसेंबरात. पुढे दोन्ही एक होऊन एमिरेट्स ग्लोबल अ‍ॅल्युमिनियम झाली. गंमत बघ, या वाळवंटात बॉक्साइटचा खडाही सापडत नाही. आपल्याकडे राधानगरीजवळच्या दुर्गमानवाडीच्या सड्यावरून बॉक्साइट खणून बेळगावच्या कारखान्यात नेतात. इथे ते परमुलखातून जहाजानं येतं. पण एक टन धातू काढायला १३ ते १५ हजार युनिट वीज लागते, आणि वीज करायला इथे गॅस होता. खनिजापेक्षा वीज महाग पडते, म्हणून कारखाना विजेपाशी आला. २०२१ पासून त्यातलं थोडं अ‍ॅल्युमिनियम सूर्याच्या विजेवर काढलेलं म्हणून वेगळ्या नावानं विकतात, आणि ते घेणाऱ्यांत मोटारी बनवणारी बीएमडब्ल्यूही आहे. तुझ्या कामाची गोष्ट एवढीच, की जे इथे ओततात आणि दाबतात तेच तुला वेळेवर, हव्या त्या लांबीत आणि कागदपत्रांसह मिळेल. लांबून मागवलेल्या अनोळखी सेक्शनसाठी महिनाभर थांबशील, आणि मधेच आठ मीटर कमी पडलं तर काय करशील?

आता मजलिसच्या लांबीकडे येतो, कारण इथेच बरेच लोक ग्रेडवर पैसे उधळतात. तीन मीटरच्या बैठकीला मधे पाय नको, असं तुझा डिझायनर म्हणणार. चार पाहुणे बसले की दांडी मधोमध झुकणार. मग कुणीतरी म्हणणार, "६०६१ घ्या, ते मजबूत आहे." घेतलंस तरी ती तेवढीच झुकेल! मोडण्याची ताकद वेगळी आणि वाकण्याचा ताठपणा वेगळा. ताठपणा सगळ्या अ‍ॅल्युमिनियमचा जवळजवळ एकच, सुमारे ७० गिगापास्कल, मग ते ६०६३ असो, ६०६१ असो की विमानाचं ७०७५. पोलादाचा २०० च्या आसपास. म्हणजे एकाच मापाची अ‍ॅल्युमिनियमची दांडी पोलादाच्या जवळजवळ तिप्पट झुकते, आणि महागडा ग्रेड हा फरक एका मिलिमीटरनंही भरून काढत नाही.

भरून काढते ती उंची. हे मी तुला हिशेबानं दाखवतो, म्हणजे कुणी वाद घातला तर कागद पुढे करता येईल. ४० बाय २०, दीड मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप घे. तो आडवा ठेवण्यापेक्षा उभा ठेवला, तर तिप्पट ताठ होतो; पैसा एक फिल्सचाही जास्त जात नाही. आता जाडी दीडची दोन मिलिमीटर कर. वजन तीस टक्क्यांनी वाढेल आणि ताठपणा फक्त पावपट. त्याऐवजी जाडी तीच ठेवून उंची ४० ची ६० कर. वजन साधारण पस्तीस टक्क्यांनीच वाढेल, पण ताठपणा जवळजवळ पावणेतीनपट! म्हणून मजलिसची पुढची आणि मागची दांडी ६०ची, नाहीतर ८०ची घे, उभी लाव, आणि डिझायनरला बारीक रेषाच हवी असेल तर त्याला सांग की पाय आत ओढून घेऊ, पुढून दिसणार नाहीत. जाडी वाढवायची जागा वेगळी आहे: जिथे स्क्रू बसतो, जिथे पायाला धक्का लागतो, जिथे वेल्डिंग होतं.

वेल्डिंगच्या गावी जरा जास्त वेळ थांबायला हवं. बाहेरच्या खुर्च्या मोडताना मी जेवढ्या पाहिल्या, त्यातल्या बहुतेक वेल्डिंगच्या शेजारी मोडल्या होत्या; जोड शाबूत, आणि त्याच्या बोटभर पलीकडे तडा. कारागिराला शिव्या बसतात, पण बिचाऱ्यानं जोड उत्तम मारलेला असतो. ६ च्या घराण्याला ताकद भट्टीत मुरवून आलेली असते. वेल्डिंगची आच लागली की जोडाच्या दोन्ही बाजूंना इंचभर पट्ट्यात ते मुरणं विस्कटतं आणि ताकद निम्म्यावर, कधी त्याहून खाली येते. तू टी६ चे पैसे मोजलेस आणि नेमकं जोडापाशी मऊ अ‍ॅल्युमिनियम पदरात पडलं. खुर्चीत सर्वांत जास्त ताण कुठे येतो? मागचा पाय आणि बैठक जिथे मिळतात तिथे. आणि आपण वेल्डिंग कुठे करतो? तिथेच.

अमेरिकेच्या नौदलासाठी १९४४ मध्ये एमेको नावाच्या कारखान्यानं एक खुर्ची केली, १००६ नंबरची. जहाजावर वापरायची, म्हणून हलकी, खाऱ्या हवेत टिकणारी आणि दणकट. ती आजही बनते, आणि तिच्या घडणीचे ७७ टप्पे सांगतात. त्यातला मला आवडणारा टप्पा हा, की वेल्डिंग आणि घासकाम झाल्यावर अख्खी खुर्ची भट्टीत घालून परत कडक करतात, मग अ‍ॅनोडायझिंग. विस्कटलेली ताकद ते परत आणतात. शारजाच्या सनायात, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, आपल्याला हे जमणार नाही; एवढी मोठी मजलिस पाचशेच्या वर तापवून पाण्यात बुडवली तर ती पिळून बाहेर येईल. त्याच्या काही वर्षं आधी स्वित्झर्लंडमध्ये हान्स कोराय यांनी ‘लांडी’ नावाची भोकाभोकांची खुर्ची केली, तीही कडक केलेल्या अ‍ॅल्युमिनियमची. तिची भोकं पाहून लोक फक्त नक्षी म्हणतात, पण पावसाचं पाणी निघून जायची सोयही तीच.

आपल्यासारख्यानं काय करायचं? जोड ताणाच्या जागेपासून बाजूला सरकवायचा. पायाला तिरका आधार द्यायचा, आत पट्टी घालायची. जमेल तिथे वेल्डिंगऐवजी कोपऱ्यात आतून क्लीट घालून स्क्रूनं आवळायचं. मजलिसचे लांब भाग नेताना लिफ्टमध्ये मावायलाही ते बरं. जिथे वेल्डिंग टाळताच येत नाही, तिथे ताकदीचा हिशेब वेल्डिंगनंतरच्या मऊ धातूचा करायचा, बिलावर लिहिलेल्या टी६ चा नाही. आणि तार कुठली वापरतोय ते कारागिराला विचार. ४०४३ ची तार सहज वाहते, म्हणून त्यांना आवडते, पण अ‍ॅनोडायझिंग केलं की जोड काळपट करडा दिसतो. रंग जुळवायचा असेल तर ५३५६. पावडर कोटिंग करणार असशील तर हा डाग झाकला जातो.

खुर्चीच्या हातांच्या गोल वळणांसाठी वाकवायचे पाइप टी६ मध्ये घेऊ नकोस. बाहेरच्या बाजूला संत्र्याच्या सालीसारखा खरखरीतपणा येईल, नाहीतर चक्क चीर पडेल. कारखान्याला टी४ माग. ते मऊ असतं, छान वळतं. वाकवून झाल्यावर त्याला १७५ अंशांच्या आसपास काही तास भट्टीत मुरवलं की कडक होतं. पावडर कोटिंगची भट्टी दहा-वीस मिनिटंच चालते, तेवढ्यानं हे काम होत नाही. मुरवायची सोय असलेला कारखानाच शोधावा लागेल.

टेबलाच्या वरच्या पत्र्याला ५०५२-एच३२ घे. ६ च्या घराण्याचा कडक पत्रा घडी घालताना तडकतो; हा वळतो, आणि खारी हवा त्याला फारशी शिवत नाही. कुणी ५०८३ सुचवेल, जहाजाचा पत्रा म्हणून. उत्तम माल आहे, पण त्यात मॅग्नेशियम तीन टक्क्यांच्या वर, साडेचारच्या आसपास असतं, आणि असं अ‍ॅल्युमिनियम ६५ अंशांच्या वर दीर्घकाळ राहिलं तर आतल्या कणांच्या सीमांवरून कमजोर होऊ लागतं. जहाजाला हा प्रश्न क्वचित येतो. पण तुझ्या गिऱ्हाइकाला टेबल काळं हवंय, आणि इथल्या जुलैच्या उन्हात काळा पत्रा किती तापेल याची पैज मी लावणार नाही. २०२१ च्या जूनमध्ये याच देशातल्या सुवैहानला सावलीतला पारा ५१.८ वर गेला होता. ५०५२ मध्ये मॅग्नेशियम अडीच टक्के, ही काळजीच नाही.

रंगावरून आठवलं. काळ्याला नाही म्हण. अ‍ॅल्युमिनियम उष्णता भराभर पोचवतं. तेवढ्याच तापलेल्या लाकडावर हात टेकवता येतो, पण अ‍ॅल्युमिनियमवर चटका बसतो. हाताच्या पट्ट्यांवर सागवानाची किंवा तशाच कशाची पट्टी दे आणि सांगाड्याला वाळूचा, राखाडी किंवा पांढरट रंग दे.

नक्षीच्या ओतीव पायांचं विचारलं होतंस. ओतायचं अ‍ॅल्युमिनियम वेगळं, त्यात सिलिकॉन भरपूर, म्हणून ते साच्याच्या कोपऱ्यापर्यंत धावतं. बाजारात एडीसी१२ स्वस्त मिळतं, पण त्यात तांबं दीड ते साडेतीन टक्के. समुद्राकाठी ते नको. एलएम६ माग, त्यात तांबं नावालाच असतं. बाकी त्या नक्षीबद्दल माझं मत तुला माहीत आहे.

आता जे सांगतो ते ग्रेडपेक्षा महत्त्वाचं. या देशात अ‍ॅल्युमिनियमचं फर्निचर ग्रेडमुळे क्वचित वाया जातं. ते जातं रंगामुळे, स्क्रूमुळे आणि न धुतल्यामुळे. अ‍ॅल्युमिनियम स्वतःच्या अंगावर ऑक्साइडची पातळ कातडी चढवतं आणि खरचटलं तर परत चढवतं. पण मिठातला क्लोराइड त्या कातडीला भोकं पाडतो. इथल्या आखाताचं पाणी खुल्या महासागरापेक्षा जास्त खारट, पहाटे दव, दिवसा धूळ. धूळ, मीठ आणि दव मिळून जो लेप बसतो तो धुऊन काढायला पाऊस नाही. कोकणात वर्षाला चार महिने आभाळ फुकटात फर्निचर धुतं. इथे वर्षभरात जेमतेम शंभर मिलिमीटर पडतो. म्हणूनच छपराखालची, कोपऱ्यातली, सुरक्षित वाटणारी खुर्ची आधी खराब होते. गिऱ्हाइकाला बिलासोबत लिहून दे: गोड्या पाण्यानं आणि सौम्य साबणानं नियमित धुवा, आणि फरशी साफ करायचं आम्ल पायांना लागू देऊ नका. आम्ल आणि कडक अल्कली, दोन्ही अ‍ॅल्युमिनियमला खातात, ओलं सिमेंटसुद्धा. पायांखाली नायलॉनची बूच हवीतच.

पावडर कोटिंग करणाऱ्याकडे जाशील तेव्हा रंगाच्या तक्त्याआधी त्याच्या टाक्या बघ. रंग चढण्याआधी धातू धुऊन, कोरून, रसायनात बुडवून घेतात. घाईत असलेला माणूस नेमका इथे हात आखडतो, आणि बाहेरून ते कळत नाही. कळतं दोन वर्षांनी, रंगाखाली केसासारख्या बारीक रेघा पसरू लागतात तेव्हा. त्या कापलेल्या कडेपासून, स्क्रूच्या भोकापासून सुरू होतात. म्हणून सगळी भोकं, सगळं कापकाम आणि वेल्डिंग आधी, रंग शेवटी. कडा घासून गोल कर, कारण धारदार कडेवर पावडर पातळ बसते. जाडी ६० ते ८० मायक्रॉन. क्वालिकोट नावाची युरोपीय मान्यता असलेला कोटर इथे मिळतो. त्यांच्यात समुद्राकाठच्या कामासाठी धातू जास्त कोरायची सी-साइड पद्धत आहे, ती माग. पावडर दुसऱ्या वर्गाची घे. पहिल्या वर्गाची पावडर फ्लोरिडाच्या उन्हात वर्षभर तपासतात, दुसऱ्याची तीन वर्षं, तिसऱ्याची दहा. घरातल्या कामाची इपॉक्सी मिसळलेली पावडर बाहेर लावली, तर पहिल्याच उन्हाळ्यानंतर बोटाला खडू लागतो. लाकडाचा छाप हवा असेल तर खालची पावडर कुठल्या वर्गाची ते आधी विचार, छाप नंतर बघ.

आरामखुर्च्यांचे स्क्रूनं जोडलेले भाग अ‍ॅनोडायझिंग करून घेतलेस तर मला आवडेल. ६०६३ वर ते सुंदर बसतं. समुद्राकाठी २५ मायक्रॉन सांग. १० मायक्रॉन घरातल्या वस्तूंना ठीक. वेल्डिंग केलेल्या सांगाड्याला मात्र पावडरच.

स्क्रू ३१६ स्टेनलेसचे, ३०४ नव्हेत. चुंबक लावून हा फरक कळत नाही, तेव्हा कागद मागायचा. लोखंडी किंवा पितळी स्क्रू अ‍ॅल्युमिनियमला लागला आणि मधे खारं दव आलं, की अ‍ॅल्युमिनियम झिजून दुसऱ्या धातूला वाचवतं. स्टेनलेसनंही हे होतं, पण स्क्रू छोटा आणि सांगाडा मोठा असल्यामुळे सावकाश. नायलॉनचं वॉशर घातलं तर आणखी सावकाश. पाइपला खालच्या बाजूनं पाणी निघायला छोटं भोक ठेव, नाहीतर आत साचलेलं दव कुणाला दिसतही नाही.

हलकेपणाचं फार कौतुक करू नकोस. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या एक तृतीयांश वजनाचं, घनसेंटिमीटरला २.७ ग्रॅम. दुकानात एका हातानं उचलून दाखवायला ते छान आहे. पण शमाल वारा सुटला की हीच खुर्ची गच्चीवरून फरपटत जाते, आणि उंच इमारतीच्या बाल्कनीतून गेली तर खाली माणसं असतात. पायात वजन भर किंवा फरशीला अडकवायची सोय दे, आणि ते दरपत्रकात वेगळं लिही.

सप्लायरकडून मिल टेस्ट सर्टिफिकेट घे, आणि त्यावरचा हीट नंबर गठ्ठ्यावरच्या चिठ्ठीशी जुळव. वेबस्टरची पकड विकत घे. सेक्शन दाबला की आकडा दाखवते, आणि टी५ च्या नावाखाली मऊ माल आला असेल तर गोदामातच कळतं. गठ्ठ्यातला एकच नव्हे, चार-पाच सेक्शन तपास.

तेव्हा शनिवारी येताना सेक्शनच्या मापांचा कागद, पावडरवाल्याचं दरपत्रक आणि डिझायनरची रेखाचित्रं घेऊन ये. मजलिसला ६०६३-टी६, वाकवायच्या पाइपांना टी४, टेबलाला ५०५२-एच३२, एवढं पेन्सिलीनं लिहून ठेव. पेन्सिलीनंच, कारण मागच्या पायाचा जोड कुठे बसतोय ते अजून आपण पाहिलेलं नाही.

तुझा
मामा

ता.क. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हात काम करायला बंदी आहे, म्हणून गच्चीवरचं फिटिंग सकाळी करशील. सकाळी घट्ट बसलेली तीन मीटरची दांडी, हिवाळ्यातल्या पहाटेच्या आणि उन्हाळ्यातल्या दुपारच्या तापमानात पन्नास अंशांचा फरक धरला तर, साडेतीन मिलिमीटरपर्यंत लांब-आखूड होते. लाकडाची पट्टी ज्या स्क्रूंनी बसवशील, त्यांची भोकं लांबट ठेव, आणि मधला एकच स्क्रू पक्का आवळ.